पाळीबाहेरचे पाणी

मला आयुष्यात एकच मेमो मिळाला. तोही निवृत्तीनंतर सोळा वर्षांनी, आणि देणारा माणूस एके काळी माझ्या हाताखाली काम करीत होता. खुलासा सात दिवसांत करावा, असे त्यात लिहिले आहे. सात महिने होऊन गेले. पाटबंधारे खात्यात मी छत्तीस वर्षे काढली. त्या काळात मी पुष्कळांना मेमो दिले, आणि मुदतीत खुलासा आला नाही तर जे करायचे असते तेही केले. तेव्हा हा उशीर मला शोभत नाही. परंतु खुलासा करायचा तर आधी तो माणूस सांगितला पाहिजे.

त्याचे नाव रंगनाथ कोकणे. श्रीरामपूर भागात या नावाने त्याला फारसे कोणी ओळखत नाही. रंगनाथ पाटकरी म्हटले की ओळखतात. पाटकरी म्हणजे कालव्याचे पाणी चारीचारीने, म्हणजे कालव्याच्या लहान फाट्यांतून, शेतकऱ्यांना वाटून देणारा खात्याचा माणूस. अमुक शेताला अमुक दिवशी इतके तास, याला पाळी म्हणतात. पाळी लावणे, दार उघडणे आणि वेळ होताच ते बंद करणे, हे त्याचे काम. मी शाखा अभियंता होतो. कागद माझ्याकडे आणि पाणी त्याच्याकडे, अशी वाटणी होती.

उंची बेताची, आवाज मोठा, तळवे रुंद. पायजमा घोट्याच्या वर दोन बोटे दुमडलेला असे. निवृत्त झाल्यावरही त्याने तो खाली सोडला नाही. केव्हा चारीत उतरावे लागेल सांगता येत नाही, असाच त्याचा अवतार राहिला. वाहत्या पाण्यापाशी आला की खाली वाकून एक काडी उचलायची, पाण्यात टाकायची आणि तिच्याबरोबर पावले मोजीत चालायचे, ही त्याची सवय. दहा पावले झाली की विसर्ग सांगायचा. माझ्याकडे मोजायची साधने होती. दोन-तीनदा मी पडताळून पाहिले. नंतर पडताळणे सोडून दिले.

चारीचे तोंड म्हणजे हेड आणि शेवट म्हणजे टेल. हे इंग्रजी शब्द आमच्या भागात शेतकऱ्यांच्या तोंडी इतके रुळले आहेत की ते परके आहेत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. रंगनाथने तर सगळी माणसे या दोन शब्दांत बसवली होती. हात पुढे करून आधी घेणारा तो हेडचा. शेवटी उभा राहून उरेल तेवढे घेणारा तो टेलचा. "हेडला पानी कुनीबी बघतंय, साहेब. टेलला पोचलं का त्ये सांगा," हे त्याचे पालुपद. पाणी सुटले की तो सायकलवर बसून चारीच्या शेवटापर्यंत जाई, शेवटच्या वाफ्यात हात बुडवी आणि मगच भाकरी सोडी. मुलीच्या लग्नात पाहुणे त्याला मांडवाच्या दारात शोधीत होते. हा बाप पंगतीच्या अगदी शेवटच्या पानापाशी उभा राहून विचारीत होता, "मठ्ठा टेलला आला का?"

त्याला मी एकदा मेमो दिला होता. चारीच्या टेलला एका शेतकऱ्याने मोसंबीची नवी बाग लावली होती. त्याची पाळी यायला सहा दिवस होते. रंगनाथने पहाटे दार उघडून त्या बागेला दोन तास पाणी दिले. शेतकरी त्या दिवशी गावात नव्हता. त्याने मागितले नव्हते आणि त्याला कळलेही नव्हते. तक्रार वरच्या शेतकऱ्यांची आली. मी खुलासा मागवला. दुसऱ्या दिवशी रंगनाथने एक कागद माझ्या टेबलावर ठेवला. त्यावर तीन वाक्ये होती.

"पाणी मी सोडले. पाळी नव्हती. झाडे बघवली नाहीत."

मी त्याच्या सेवापुस्तकात ताकीद नोंदवली. कागदाच्या कडेला शेरा मारला: 'बघवली नाहीत' हे कारण नियमात बसत नाही. तो शेरा बरोबर होता, असे मी आजही म्हणतो. रंगनाथही तसेच म्हणे. त्याने त्याबद्दल कधी राग धरला नाही. उलट चारचौघांत तो अभिमानाने सांगे, "आमच्या साहेबांनी मला सुदीक सोडलं न्हाई."

निवृत्तीनंतर आम्ही शेजारी झालो. श्रीरामपुरात गावाच्या कडेला एका वसाहतीत माझे घर होते. शेजारचा प्लॉट त्याने घेतला. मधे कमरेएवढी भिंत. तो भिंतीपलीकडून मला साहेब म्हणे आणि मी त्याला रंगनाथ. एवढे बदलायचे वय राहिले नव्हते.

पाच वर्षांपूर्वी त्याची मुलगी मंगल शिलाँगला होती. जावई सैन्यात. एके सकाळी तिचा फोन आला. पलीकडचे मला ऐकू येत नव्हते, परंतु रंगनाथचे सर्व वसाहतीला ऐकू येत होते.

"फूल? चपलेसारखं? फुलाला चप्पल कशाला लागती, मंगल?"

ते ऑर्किड होते. इंग्रजीत त्याला लेडीज स्लिपर म्हणतात. फुलाची खालची पाकळी पुढे येऊन तिचा वाटोळा खोलगट चवडा होतो, बाईच्या मऊ सपातेसारखा. मंगलने तिथल्या एका रोपवाटिकेतून रोप घेतले आणि पार्सलने पाठवले. रानातून उपटलेले नाही ना, हे मी आधी विचारले. रानातली ही झाडे उपटायला बंदी आहे. रंगनाथने रोपवाटिकेची पावती मागवून घेतली आणि ती अजून त्याच्याकडे आहे.

पार्सल आले, पण मिळेना. चार दिवस झाल्यावर रंगनाथ मला बरोबर घेऊन पार्सल कचेरीत गेला. काउंटरवर तिशीचा एक कारकून होता.

"आजोबा, तुमची चप्पल आलीय कवाच. पन एकच हाय. दुसरी आली की फोन करनार हुतो."

"दुसरी न्हाई यायची."

"आसं कसं? एक पायतान कोन पाठवतंय? आज एक नग दिला, आन उद्या तुमी म्हनला का दुसरा तुमीच गाळला, मग?"

"आरं बाबा, त्ये झाड हाय."

कारकुनाने रजिस्टर आमच्याकडे वळवले. "ह्ये बगा. लेडीज स्लिपर, एक नग. झाड कुटं लिवलंय?"

"त्ये झाडाचं नाव हाय."

"झाडाचं नाव चप्पल?"

"मग माझं नाव कोकने हाय. म्हनून मी काय कोकनातला हाय का?"

रांगेतली माणसे हसली. कारकूनही हसला आणि त्याने खोके आणून दिले. मात्र त्या दिवसापासून बाजारात, बसस्थानकावर, दवाखान्यात, कोठेही रंगनाथ दिसला की तो हाक मारून विचारी, "आजोबा, दुसरी आली का?" रंगनाथचे उत्तर ठरलेले. "आरं, पैलीच अजून यायचीय."

खोक्यात ओल्या शेवाळात गुंडाळलेले रोप होते. लांब पट्ट्यासारखी हिरवी पाने, समोरासमोर, पंख्यासारखी मांडलेली. असे तीन पंखे एका मुळावर. रंगनाथची पत्नी सिंधूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पानांवरून बोट फिरवले.

"धा दिस खोक्यात कोंडून जितं हाय. म्हंजी तुमच्याच वळनाचं हाय," त्या म्हणाल्या. नावही त्यांनीच ठेवले. "सपात."

यानंतर जे घडले ते आमच्या भागातल्या पाटकऱ्याखेरीज कोणाच्या हातून घडले नसते. रंगनाथने मोठी कुंडी आणली. तिच्यात नदीकाठची काळी माती भरली. घोळून चाळलेले शेणखत घातले. रोप लावले आणि भरपूर पाणी दिले. आयुष्यभर त्याने ज्या पिकाला पाणी दिले ते पीक ऊस. उसाला जे मानवते ते याला मानवेल, असे त्याने गृहीत धरले. आठवड्याला दोन पाळ्या, कुंडी काठोकाठ. तिसऱ्या आठवड्यात पाने पिवळी पडली. बुडाशी बोट लावले तर एक पंखा हातात आला.

पावतीवर रोपवाटिकेचा फोन होता. चालवणाऱ्या बाई हिंदी बोलत. रंगनाथही हिंदी बोलला.

"बहनजी, जमीन कौनसी मंगता है इसको?"

बाई म्हणाल्या, "मिट्टी? मिट्टी में डाल दिया? भैया, मिट्टी में ये मर जाएगा।"

"तो फिर खाता क्या है?"

"हवा खाता है। थोड़ा छाल, थोड़ा कोयला, और हवा।"

"और पानी?"

"पानी दिखाना है, पिलाना नहीं।"

फोन ठेवून त्याने कुंडी उपडी केली. मुळ्या कुजून काळ्या झाल्या होत्या. तिन्हींतला सर्वांत लहान पंखा तेवढा वाचला होता, दोन बोटभर मुळीवर.

"साहेब," तो म्हणाला, "आख्खी हयात लोकांला सांगत आलो. पानी जादा झालं की जमीन चोपन हुती, पिकाचा जीव गुदमारतो. आन सोता काय केलं? ऊस समजलो."

त्या दिवशी तो जेवला नाही, असे सिंधूबाईंनी मला भिंतीपलीकडून सांगितले. मी विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून नवे प्रशासन सुरू झाले. लहान मातीची कुंडी. तिच्यात झाडाची साल, कोळशाचे आणि विटेचे तुकडे, थोडा नारळाचा काथ्या. जागा उत्तरेच्या पडवीत, पिण्याच्या पाण्याच्या रांजणाला लागून. रांजण पाझरतो म्हणून तिथे गारवा असतो. कुंडीखाली ओल्या खडीचे ताट, उन्हाळ्यात भोवती ओले गोणपाट. बाकीच्या बऱ्याच ऑर्किडांना पाणी साठवायला बुडाशी कांद्यासारखी गाठ असते. हिला ती नसते. त्यामुळे हिला कोरडे ठेवून चालत नाही आणि बुडवूनही चालत नाही. रंगनाथ कुंडी दोन्ही हातांत उचलून वजन अजमावी. डोळे मिटून. हलकी लागली तर पाळी, नाही तर नाही. चुकूनही पानांच्या मधोमध पाणी पडू देत नसे. पडलेच तर पंच्याच्या टोकाने टिपून घेई.

भिंतीवर खिळ्याला एक वही टांगली होती. तारीख, वेळ, किती कप, सही. सही तो स्वतःची स्वतःच करी.

"माज्या गोळ्यांची न्हाई कदी नोंद केली," सिंधूबाई म्हणत.

"तुला पाळी लागत न्हाई. तू बारमाही हायेस," रंगनाथ म्हणे.

अडचण पाण्याचीच आली. आमच्या भागातले बोअरचे पाणी क्षाराचे. कुंडीच्या काठावर पांढरी कड धरू लागली आणि पानांची टोके काळी पडू लागली. पावसाचे पाणी पिंपात साठवले ते फेब्रुवारीत संपले. एका दुपारी त्याची नजर माझ्या खिडकीखालच्या नळीवर गेली. माझ्या मुलाने हट्टाने एसी बसवून दिला होता. मी तो वापरीत नव्हतो.

"साहेब, तुमचा येशी किती विसर्ग देतो?"

मला माहीत नव्हते. त्याने बाटली लावून मोजले. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात तासाला जेमतेम दोन पेले. ज्याने कालव्याची दारे उघडून शेकडो एकर भिजवले तो माणूस भिंतीपाशी बसून थेंब मोजीत होता, आणि समाधानी होता. ते पाणी निवळशंख आणि बिनक्षाराचे असते. दोन दिवसांनी त्याने नळीला रबरी नळी जोडून ती भिंतीवरून आपल्या बाजूला नेली. त्या उन्हाळ्यात मी रोज दुपारी दोन तास एसी लावू लागलो. उकाडा फार होता.

फुलाची वाट पाहण्यात चार वर्षे गेली. या काळात तो जे पाहत असे ते इतरांना दिसत नसे. रोज सकाळी स्टूल ओढून तो कुंडीसमोर बसे. पानाच्या मध्यावरची शीर, पानाच्या पाठीवर बुडाशी असलेले जांभळे ठिपके, नव्या पानाचे टोक काल कोठे होते आणि आज कोठे आहे, हे तो मला दाखवी. दुसऱ्या वर्षी बुडाशी एक हिरवा कोंब निघाला. तो पंखा झाला. पहिला पंखा लहानच राहिला होता आणि नव्याला पोसता पोसता वाळत गेला. या झाडाची रीत अशी आहे की एका पंख्याला जन्मात एकदाच फूल येते. ते येऊन गेले की तो पंखा पुन्हा फुलत नाही, शेजारी नवा पंखा वाढवतो आणि हळूहळू संपतो. मी हे पुस्तकात वाचून त्याला सांगितले.

"म्हंजी आपली पाळी झाली की बाजूला हुतो," तो म्हणाला. "खात्यातल्या सायबांपेक्षा शहाना हाय."

मला निवृत्तीच्या वेळी मुदतवाढ मिळाली होती, हे त्याला माहीत होते.

मागच्या ऑक्टोबरात त्याने मला भिंतीपलीकडून हाक मारली. हाक मारताना आवाज खाली आणणे त्याला प्रथमच जमले होते. नव्या पंख्याच्या अगदी पोटात, दोन पानांच्या बेचक्यात, एक चपटे हिरवे टोक होते. हरभऱ्याएवढे. त्याने चष्मा काढून मला दिला, कारण माझा घरी राहिला होता.

"डिसेंबरात उघडंल," तो म्हणाला. "बाईंला फोन केल्ता. घाई करू नका म्हनल्या."

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्याच्या छातीत दुखू लागले. इथल्या डॉक्टरांनी नाशिकला न्यायला सांगितले. जावयाची बदली आता नाशिकजवळ देवळालीला झाली होती. तो आणि मंगल सकाळी गाडी घेऊन आले. सिंधूबाई पिशवी भरीत होत्या. मंगल रडत होती. रंगनाथ गाडीत बसायचा सोडून भिंतीपाशी आला. चेहरा राखेसारखा झाला होता. हातात वही आणि एक कागद.

"साहेब, चार्ज घ्या."

कागदावर रीतसर यादी होती. कुंडी, एक. कळी, एक. ताट, खडीसह. गोणपाट, दोन. नोंदवही. खाली सूचना: पाणी दर पाचव्या दिवशी सकाळी, दोन कप. पाळीबाहेर देऊ नये. मोबाइलवर फोटो काढून पाठवू नये.

"फोटो का नाही?" मी विचारले.

"टेलचं पानी मी कदी फोनवर इचारलं न्हाई, साहेब. जाऊन बगितलं. ह्येबी येऊन बगनार."

"नाही येता आले तर?"

हे मी विचारायला नको होते. तो हसला.

"मग तुमी बगा. कुनीतरी टेलला उबं पायजे."

मी 'चार्ज घेतला' असे लिहून सही केली. नोकरीत तो माझ्या सहीखाली सही करीत असे. इथे त्याची सही वर होती.

त्याच्या घराची किल्ली माझ्याकडे होती. मी रोज सकाळी सात वाजता पडवीत जाई. कळी एका केसाळ जांभळट दांड्यावर वर येत होती. दर पाचव्या दिवशी दोन कप. नोंद. सही.

शस्त्रक्रिया ज्या दिवशी होती तो पाळीनंतरचा तिसरा दिवस होता. सकाळी आठला आत नेणार, दुपारी कळवू, असे जावयाने सांगितले होते. मी सातला पडवीत गेलो, साडेनऊला पुन्हा गेलो. कळीने मान खाली टाकली होती. आदल्या दिवशी ती ताठ होती. पाने मला मलूल वाटली. मी कुंडी उचलून वजन पाहिले. मला वजनातले काही कळत नाही. घरी येऊन फोनपाशी बसलो. फोन आला नाही. अकरा वाजता मी पुन्हा गेलो आणि दोन कप पाणी दिले.

वहीत मी नोंद खरी केली. तारीख, वेळ, दोन कप, पाळीबाहेर, सही.

जावयाचा फोन दीड वाजता आला. सर्व ठीक होते.

दहा दिवसांनी फूल उघडले. वर्णन करण्याचा मला सराव नाही. जे होते ते लिहितो. एका दांड्यावर एकच फूल, तळहातात मावेल एवढे. वरची पाकळी उभी, पोपटी, तिच्यावर तपकिरी ठिपके आणि टोकाला पांढरी शुभ्र कड. दोन बाजूंच्या पाकळ्या तपकिरी पिवळ्या, काठाला नागमोडी. आणि पुढे ती सपात. मधाच्या रंगाची, वाटोळी, आतून ठिपकेदार. तिला अशी चकाकी होती की ती कोणी नुकतीच तेलाच्या फडक्याने पुसून ठेवली असावी. मी रंगनाथच्या स्टुलावर बसलो. किती वेळ, त्याची नोंद नाही.

फोटो काढला नाही. संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज लहान झाला होता.

"पाळी?"

"चालू आहे."

"बाकी?"

"ठीक."

फूल उघडल्याचे मी सांगितले नाही. फूल दीड-दोन महिने टिकते, असे रोपवाटिकेच्या बाईंनी सांगितले होते. त्याला यायला किती दिवस लागतील हे डॉक्टर सांगत नव्हते. या दोन मुदतींचा हिशेब मी रोज पडवीत करीत असे. वरच्या पाकळीची पांढरी कड थोडी पिवळसर झाली तेव्हा मी दुपारीही गोणपाट भिजवू लागलो. जानेवारीत त्याची गरज नसते.

मकरसंक्रांतीनंतर चौथ्या दिवशी गाडी दारात उभी राहिली. रंगनाथ उतरला. निम्मा झाला होता. पायजमा मात्र दोन बोटे दुमडलेला.

"आदी आत चला, हातपाय धुवा," सिंधूबाई म्हणाल्या.

तो सरळ पडवीत गेला. भिंतीला धरून, एकेक पाऊल. मी स्टूल पुढे केले. तो बसला आणि त्याने आधी फुलाकडे पाहिलेच नाही. कुंडीकडे पाहिले. मग बुडाकडे, मग पानांकडे, मग दांड्यावरून हळूहळू वर. चारीच्या कडेने चालत जावे तसा तो गेला, एकही मुक्काम न गाळता, आणि शेवटी फुलापाशी पोचला. तिथे थांबला. हात लावला नाही.

"साहेब," तो म्हणाला, "टेलला पोचलं."

सिंधूबाई वाकून पाहत होत्या. "आगं बया. येवढा पाय कुना बाईचा म्हनायचा?"

"तुजाच हुता, लग्नात."

"भूल दिली तवापास्नं लबाड बोलाया लागल्यात," त्या मंगलला म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

रंगनाथने खिळ्यावरची वही काढून मांडीवर घेतली. पानापानावर बोट फिरवीत तो एका नोंदीपाशी आला. थांबला. माझ्याकडे पाहिले. वही मिटली. "ह्या तारखेला मी टेबलावर हुतो," एवढेच म्हणाला. मग थोड्या वेळाने, "कळी उघडायच्या आदी मान टाकतीच, साहेब. तहान नसती ती."

मला ते माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने भिंतीवरून एक कागद दिला. रेघांचा, घडी घातलेला. वर डाव्या बाजूला विषय: पाळीबाहेर पाणी दिल्याबाबत. खाली मजकूर: आपल्या ताब्यातील कुंडीस पाळी नसताना दोन कप पाणी दिल्याचे नोंदवहीवरून दिसून येते. याबाबत आपला लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा. अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल. सही, र. कोकणे. माझ्याच मेमोची भाषा होती. एक शब्द चुकला नव्हता. इतकी वर्षे त्याने ती पाठ ठेवली होती.

मी कागद घेतला आणि पोच म्हणून सही करून दिली. तो हसला नाही. मीही नाही.

फूल त्यानंतर तीन आठवडे राहिले. पार्सल कचेरीतल्या कारकुनाला रंगनाथने मुद्दाम निरोप पाठवून बोलावले. त्याने बूट काढून पडवीत पाऊल टाकले, बराच वेळ पाहिले, आणि म्हणाला, "आजोबा, माजं चुकलं. ही एक नगच बरी." फूल गळून पडले तेही ताजेच पडले. सिंधूबाईंनी ते दोन दिवस देव्हाऱ्यासमोर ठेवले होते.

मे महिन्यात रंगनाथ देवळालीला मुलीकडे राहायला गेला. डॉक्टर जवळ हवा, आणि तिथली हवा गार, सपातेला मानवेल, अशी दोन कारणे त्याने मला सांगितली. दुसरे आधी सांगितले. सामान टेम्पोतून पुढे गेले होते. गाडीत सिंधूबाई मागे बसल्या, तो पुढे, मांडीवर कुंडी. जावयाने पट्टा लावला तो कुंडीवरून गेला. फुलून झालेल्या पंख्याच्या दोन्ही बाजूंना दोन नवे कोंब आले होते. त्याने ते मला काचेतून बोटाने दाखवले.

"त्या कारकुनाला सांगा, साहेब. जोडी झाली."

"सांगतो."

"आन खुलासा?"

"देईन."

"मुदत टळलीय."

"कल्पना आहे."

गाडी निघाली. वळणावर ती थोडी हळू झाली तेव्हा मला मागच्या काचेतून पुढच्या बैठकीची एक बाजू दिसली. त्याने एक हात पानांवर आडवा धरला होता. खिडकीतून ऊन येत होते.

रबरी नळी अजून भिंतीवरच आहे. एसीचे पाणी त्याच्या मोकळ्या अंगणात पडते. तिथे गवत उगवले आहे.

खुलासा पुढीलप्रमाणे सादर आहे.

पाणी मी दिले. पाळी नव्हती. झाड बघवले नाही.

हे कारण नियमात बसत नाही, याची मला जाणीव आहे.